पहिल्या ९ शर्यती जिंकल्या, तरी शेवटच्या दिवशी सेना एका गुणाने मागे होता

गोष्ट आहे २३ ऑक्टोबर १९८३ ची. इंग्लंडच्या दक्षिणेला थ्रक्सटन नावाचं एक सर्किट आहे. तिथे ब्रिटिश फॉर्म्युला थ्री स्पर्धेची त्या वर्षातली विसावी, म्हणजे शेवटची शर्यत होती. गुणतक्त्यात पहिल्या नंबरवर होता इंग्लंडचा मार्टिन ब्रंडल. दुसऱ्या नंबरवर २३ वर्षांचा एक ब्राझिलियन. फरक फक्त एका गुणाचा.

एक गुण म्हटल्यावर वाटतं, वर्षभर काट्याची टक्कर झाली असणार. पण या हंगामाची सुरुवात तशी अजिबात नव्हती. या ब्राझिलियन पोराने पहिल्या नऊच्या नऊ शर्यती लागोपाठ जिंकल्या होत्या. मे महिना संपला तेव्हा विजेतेपदाची ट्रॉफी त्याच्या घरी पोचल्यातच जमा होती. मग ऑक्टोबरमध्ये हा गडी मागे कसा पडला?

या पोराचं नाव आयर्टन सेना. पुढे तीन वेळा फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झालेला, आणि आजही जगातल्या सर्वात भारी ड्रायव्हर्सची यादी काढली की पहिल्या दोन-तीन नावांत येणारा.

आपल्याकडे सेना म्हटलं की डोळ्यासमोर भलतंच काही तरी येतं, पण हे त्याच्या आईचं माहेरचं नाव. वडिलांचं आडनाव दा सिल्वा. ब्राझीलमध्ये दा सिल्वा म्हणजे आपल्याकडचे पाटील-जाधव, गल्लोगल्ली सापडणार. गोव्यात आणि वसईत भेटणारे डिसिल्वा याच पोर्तुगीज आडनावाचे. गर्दीत ओळखू यावं म्हणून त्याने आईचं नाव पुढे केलं.

जन्म २१ मार्च १९६० चा, साओ पाउलोचा. घर खाऊनपिऊन सुखी. वडील मिल्टन यांचा धातूच्या सुट्या भागांचा कारखाना होता, पुढे शेतजमीनही आली. पोरगा चार वर्षांचा असताना वडिलांनी त्याला गवत कापायच्या मशीनचं इंजिन बसवून एक छोटी कार्ट करून दिली. मोटर रेसिंग हा पैसेवाल्यांचा खेळ आहे असं आपण म्हणतो ते खोटं नाही. सेना गरिबीतून वर आला वगैरे कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

तेराव्या वर्षी तो इंटरलागोसच्या ट्रॅकवर पहिली कार्ट शर्यत खेळला. १९७७ मध्ये दक्षिण अमेरिकेचा कार्टिंग चॅम्पियन झाला. पावसात एकदा हरल्यावर आकाशातून थेंब पडायला लागले की हा कार्ट घेऊन सरावाला बाहेर पडायचा, असं त्याच्याबद्दल कायम सांगितलं जातं. जागतिक कार्टिंग स्पर्धेत मात्र १९७९ आणि १९८० असं सलग दोनदा तो दुसरा आला. हे पद त्याला कधीच मिळालं नाही. त्या काळात इंग्लंडचा टेरी फुलरटन त्याच्याच टीममध्ये होता. पुढे विश्वविजेता झाल्यावरही, सर्वात जास्त मजा कोणाशी लढताना आली, असं विचारल्यावर सेनाने फॉर्म्युला वनमधल्या एकाचंही नाव न घेता या फुलरटनचं घेतलं होतं.

१९८१ मध्ये तो बायकोला घेऊन इंग्लंडला आला आणि फॉर्म्युला फोर्ड १६०० मध्ये उतरला. पहिल्याच वर्षी २० पैकी १२ शर्यती जिंकल्या. आणि वर्ष संपताना जाहीर केलं की मी रेसिंग सोडतोय. वडिलांना तो धंद्यात हवा होता. तो खरंच ब्राझीलला परत गेला आणि वडिलांच्या व्यवसायात बसला. काही महिन्यांतच घरच्यांच्या लक्षात आलं की पोरगं इथे आहे पण जीव तिकडे अडकलाय. १९८२ मध्ये तो परत इंग्लंडला आला, यावेळी एकटा. त्याचं लग्न टिकलं नाही. त्या वर्षी फॉर्म्युला फोर्ड २००० ची ब्रिटिश आणि युरोपियन, दोन्ही विजेतेपदं त्याने मारली.

आता पुढची पायरी होती फॉर्म्युला थ्री.

हा प्रकार नेमका काय असतो ते थोडक्यात सांगतो, कारण पुढची गंमत त्याशिवाय कळणार नाही. फॉर्म्युला वनमध्ये ज्याची गाडी भारी, त्याचा निम्मा विजय आधीच झालेला असतो. फॉर्म्युला थ्री ही त्याच्या खालची शाळा. मुंबईचा जेहान दारूवाला अलीकडे ज्या वाटेने गेला तीच ही शिडी. १९८३ च्या ब्रिटिश स्पर्धेत बहुतेक चांगल्या टीम्स एकाच कंपनीची चॅसी वापरायच्या, राल्ट आरटी-३. इंजिन दोन लिटरचं, पण हवा आत घेणारं तोंड मुद्दाम अरुंद केलेलं, म्हणजे कोणी कितीही पैसे ओतले तरी ताकद फार वाढू नये. टायरही सगळ्यांना सारखे. सेनाकडे राल्ट-टोयोटा होती, ब्रंडलकडेही राल्ट-टोयोटाच. अशा ठिकाणी सलग नऊ जिंकणं म्हणजे काय, ते यावरून कळेल.

सेनाची टीम होती वेस्ट सरे रेसिंग, आणि ती चालवायचा डिक बेनेट्स हा न्यूझीलंडचा माणूस. अतिशय काटेकोर. ब्रंडलच्या टीमचा मालक होता आयर्लंडचा एडी जॉर्डन, ज्याने पुढे स्वतःची फॉर्म्युला वन टीम काढली आणि १९९१ मध्ये मायकेल शूमाकरला पहिली संधी दिली. १९८३ मध्ये मात्र जॉर्डनचं सगळंच जेमतेम होतं.

६ मार्चला सिल्व्हरस्टोनला हंगाम सुरू झाला. सेना जिंकला. मग थ्रक्सटन, पुन्हा सिल्व्हरस्टोन, डोनिंग्टन, ब्रँड्स हॅच. ३० मेपर्यंत नऊ शर्यती, नऊ विजय. सिल्व्हरस्टोनला तो इतक्यांदा जिंकला की इंग्लिश पत्रकार त्या सर्किटला सिल्वास्टोन म्हणायला लागले, दा सिल्वावरून. त्याची एक ठरलेली पद्धत होती. सगळ्यांचे टायर थंड असताना पहिल्या फेरीतच अंतर काढायचं. बाकीचे गाडी सावरत असायचे आणि हा पुढच्या वळणावर दिसेनासा व्हायचा.

पण या नऊ विजयांमागचा हिशोब बघा. पहिल्या क्रमांकाला ९ गुण, दुसऱ्याला ६, आणि सर्वात वेगवान फेरीला १. सेना जिंकत होता तेव्हा ब्रंडल बहुतेक वेळा दुसरा येत होता. म्हणजे एका विजयामागे सेनाची आघाडी वाढायची तीन किंवा चार गुणांनी. पण एखाद्या दिवशी सेना भिंतीत गेला आणि ब्रंडल जिंकला, तर एका फटक्यात नऊ-दहा गुण गेले. तीन रविवारची कमाई एका दुपारी साफ.

म्हणजे शहाणपण कशात होतं? जमेल तिथे जिंका, नाही जमलं तर गपगुमान दुसरे या आणि सहा गुण खिशात घाला. नऊ विजयांनंतर एवढंच करत राहिला असता तर सेना ऑक्टोबरच्या कितीतरी आधी चॅम्पियन झाला असता. पण दुसऱ्या नंबरचं काय करायचं हे या माणसाला कळतच नव्हतं.

१२ जूनला सिल्व्हरस्टोनला युरोपियन मालिकेबरोबर एकत्र शर्यत झाली. ब्रंडल जिंकला, सेनाची शर्यत पूर्णच झाली नाही. मालिका तुटली. आठवड्याने कॅडवेल पार्क. इथला किस्सा मला या पूर्ण हंगामात सर्वात महत्त्वाचा वाटतो. पात्रता फेरीत सेनाने सर्वात वेगवान वेळ दिली होती. पोल पोझिशन हातात होती. तरी अजून थोडं काढता येईल म्हणून तो पुन्हा बाहेर पडला, गाडी ट्रॅकवरून सुटली आणि मार्शलच्या चौकीवर आदळली. गाडीची अशी वाट लागली की तो शर्यतीत उभाच राहू शकला नाही. आधीच पहिला असताना, स्वतःलाच हरवायच्या नादात शून्य गुण. ब्रंडल पुन्हा जिंकला.

३ जुलैला स्नेटरटनला ब्रंडल पुढे आणि सेना त्याच्या मागे. शर्यत संपत आली होती, सहा गुण समोर होते. सेनाने घुसायचा प्रयत्न केला, दोन्ही गाड्या एकमेकांना लागल्या आणि सेना बाहेर. १६ जुलैला सिल्व्हरस्टोनला तो पुन्हा जिंकला, आणि तीनच दिवसांनी विल्यम्स टीमने त्याला डोनिंग्टनला फॉर्म्युला वनच्या गाडीत बसवून पाहिलं. पहिल्यांदाच बसूनही तो भन्नाट वेगात होता. पण ६ ऑगस्टला ओल्टन पार्कला परत तेच. ब्रंडलला आतल्या बाजूने ओव्हरटेक करायला गेला आणि सेनाची गाडी चक्क ब्रंडलच्या गाडीवर चढली. दोघंही बाद.

इथे ब्रंडलबद्दल बोललं पाहिजे. सेनाच्या चरित्रांत तो बऱ्याचदा व्हिलनसारखा येतो, ते काही बरोबर नाही. नॉरफोकमधल्या गाड्या विकणाऱ्या घरातला हा मुलगा नऊ वेळा मार खाऊनही दर रविवारी परत उभा राहत होता. समोरच्यावर दबाव टाकला की तो चुकतो, हे त्याने बरोबर ओळखलं होतं. सप्टेंबरमध्ये सेनाला नशिबानेही दगा दिला, थ्रक्सटनला त्याचं इंजिन गेलं. २ ऑक्टोबरला सिल्व्हरस्टोनला ब्रंडल जिंकला आणि पहिल्यांदाच गुणतक्त्यात वर गेला. एका गुणाने.

तर मग २३ ऑक्टोबर, थ्रक्सटन.

शर्यतीआधी सेनाच्या टीमने ऑइल रेडिएटरवर चिकटपट्टी लावली. बाहेरच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल, कारण रेडिएटरचं काम तेल थंड ठेवायचं असतं. पण इंजिन तेव्हाच पूर्ण ताकद देतं जेव्हा तेल नीट तापलेलं असतं. हवा अडवली तर तेल लवकर तापतं, म्हणजे पहिल्या काही फेऱ्यांत, जिथे सेनाला अंतर काढायचं होतं तिथेच, थोडी जास्त ताकद मिळते. अडचण अशी की पट्टी तशीच राहिली तर तेल उकळून इंजिन बसणार. म्हणजे चालू शर्यतीत ती कोणीतरी काढायला हवी. आणि गाडीत ड्रायव्हर सोडून दुसरं कोणी नसतं.

सेना सुरुवातीलाच पुढे गेला. अंतर पडल्यावर त्याने धावत्या गाडीत सीटबेल्ट ढिला केला, बाहेर हात घालून ती पट्टी ओढून काढली आणि पुढे चालू लागला. थ्रक्सटन हे इंग्लंडमधल्या सर्वात वेगवान सर्किट्सपैकी एक आहे. आजच्या नियमांत असलं काही केलं तर त्याच दिवशी घरी पाठवतील. पण युक्ती चालली. सेना जिंकला, ब्रंडल तिसरा आला आणि ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीचं पद ब्राझीलला गेलं. २० पैकी १२ विजय.

महिन्याभराने मकाऊला फॉर्म्युला थ्री गाड्यांची पहिली ग्रां प्री झाली. मकाऊ तेव्हा पोर्तुगालच्या ताब्यात होतं, म्हणजे सेनासाठी पाट्या तरी मातृभाषेत. तिथल्या अरुंद रस्त्यांवर तो दोन्ही टप्पे जिंकला. १९८४ मध्ये टोलमन या छोट्या टीमकडून तो फॉर्म्युला वनमध्ये आला आणि त्याच वर्षी मोनॅकोच्या पावसात दुसरा आला. ब्रंडलही त्याच वर्षी टायरेल टीममधून फॉर्म्युला वनला पोचला.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. १९८८, १९९० आणि १९९१ ची विश्वविजेतेपदं, ४१ विजय, ६५ पोल पोझिशन. पण १९८३ चा हंगाम डोळ्यासमोर ठेवून ही कारकीर्द पाहिली की काही गोष्टी ओळखीच्या वाटतात. १९८८ च्या मोनॅकोत तो जवळपास एक मिनिटाने पुढे होता. टीमने सावकाश चालव म्हणून सांगितलं होतं. तो पोर्तिए वळणावर कठड्यात गेला. हे कॅडवेल पार्कच होतं. १९८९ मध्ये सुझुकाला ॲलेन प्रोस्टशी टक्कर झाली आणि पद प्रोस्टला गेलं. १९९० मध्ये तिथेच पहिल्याच वळणावर सेनाने प्रोस्टला धडक दिली आणि पद स्वतःकडे घेतलं. ही धडक ठरवून दिली होती, हे त्याने वर्षभराने जाहीरपणे कबूल केलं. ओल्टन पार्कला ब्रंडलने पाहिलेला माणूस हाच होता. फरक इतकाच की ओल्टनला हिशोब सेनाच्या विरुद्ध गेला होता, सुझुकाला त्याच्या बाजूने.

१ मे १९९४ ला इटलीतल्या इमोला सर्किटवर सेना विल्यम्सच्या गाडीतून पहिल्या क्रमांकावर होता. आदल्या दिवशी पात्रता फेरीत ऑस्ट्रियाच्या रोलँड रॅट्झेनबर्गरचा मृत्यू झाला होता. जिंकल्यावर फडकवायला म्हणून सेनाने ऑस्ट्रियाचा झेंडा गाडीत सोबत घेतला होता. सातव्या फेरीला, मागून शूमाकर येत असताना, टॅम्बुरेलो वळणावर त्याची गाडी सरळ भिंतीवर गेली. तो ३४ वर्षांचा होता. ब्राझील सरकारने तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला.

शर्यत नंतर पुन्हा सुरू करून पूर्ण करण्यात आली. त्यात ब्रंडलही होता, सेनाने ज्या टीमकडून तिन्ही पदं जिंकली त्या मॅक्लॅरेनच्या गाडीत. तो आठवा आला.