फाळक्यांचे खेळणे

मुलांनो, मोटारीचा यंत्रमानव होणारे खेळणे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. मोटारीची दारे बाहेर वळवली की त्यांचे हात होतात. मागचा भाग खाली ओढला की पाय होतात. टप उचलला की आतून डोके वर येते. पहिल्यांदा पाहताना आपल्याला नवल वाटते. मग आपण खेळणे उलटसुलट करून पाहतो. सांधा कुठे आहे? बिजागरी कोणत्या बाजूला फिरते? काही मुलांना अशी खेळणी जमवण्याचा छंदच लागतो. अशा मुलांना यंत्रमानवांच्या, चंद्रावर जाणाऱ्या यानांच्या गोष्टी, म्हणजे विज्ञानकथाही फार आवडतात. घरातील वडीलमाणसांना मात्र कधी कधी काळजी वाटते. एवढा मोठा मुलगा अजून खेळण्यात रमतो, याचे पुढे कसे होणार, असे त्यांना वाटते.

आपल्या मुंबईत एक गृहस्थ असेच एका खेळण्यात रमले होते. तेव्हा ते लहान नव्हते. त्यांचे वय चाळीस वर्षांचे होते. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. पुढे सारा देश त्यांना दादासाहेब फाळके या नावाने ओळखू लागला. त्यांच्या खेळण्याची ही हकीकत तुम्ही वाचा.

फाळक्यांचा जन्म 30 एप्रिल 1870 रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. त्यांचे वडील संस्कृतचे पंडित होते. पुढे वडील मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवू लागले आणि सारे कुटुंब मुंबईला आले. धुंडिराजला चित्रकलेची आवड होती. 1885 साली त्याने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत नाव घातले. तेथून तो बडोद्याच्या कलाभवनात गेला. तेथे तो फोटो काढायला, ते धुऊन तयार करायला आणि मातीच्या मूर्ती घडवायला शिकला. बडोद्यातच एका परदेशी जादूगाराकडून त्याने हातचलाखीचे प्रयोग शिकून घेतले. पुढे फाळके स्वतः जादूचे प्रयोग करू लागले. त्यासाठी त्यांनी एक गमतीदार नाव घेतले, प्रोफेसर केळफा! हे नाव तुम्ही शेवटच्या अक्षरापासून वाचून पाहा. कोणाचे नाव दिसते?

पण आयुष्य नेहमीच गमतीचे नसते. 1900 च्या सुमारास प्लेगची साथ आली. त्या साथीत फाळक्यांची पहिली पत्नी व मूल ही दोघेही गेली. 1902 साली त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नीचे नाव सरस्वतीबाई. फाळक्यांनी काही काळ सरकारी पुराणवस्तू खात्यात नोकरी केली. मग ती सोडून त्यांनी छापखाना काढला. रंगीत छपाईचे नवे तंत्र शिकण्यासाठी 1909 साली ते जर्मनीलाही जाऊन आले. दादरचा त्यांचा छापखाना उत्तम चालू लागला. परंतु भागीदारांशी मतभेद झाले, आणि स्वतः उभा केलेला छापखाना सोडून ते रिकाम्या हातांनी बाहेर पडले. पुढे काय करावे ते त्यांना सुचेना.

अशा दिवसांत, 1910-11 च्या सुमारास, ते गिरगावातील एका तंबूत सिनेमा पाहायला गेले. त्या तंबूचे नाव अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस असे होते. तेथे येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट चालू होता. त्या काळी चित्रपटांना आवाज नव्हता. पडद्यावर नुसती चित्रे हलत. लोक ती पाहून टाळ्या वाजवीत आणि घरी जात. फाळके मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. आपल्या देशातील कथा पडद्यावर अशाच दिसल्या तर, हा विचार त्यांच्या मनात आला. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न आला. ही चित्रे हलतात तरी कशी?

फाळक्यांनी एक लहानसे खेळण्यातले सिनेमायंत्र विकत घेतले. त्याबरोबर फिल्मचे काही तुकडे आणले. रात्री ते घरात अंधार करीत. यंत्रामागे मेणबत्ती लावीत. भिंगातून उजेड भिंतीवर पडे आणि भिंतीवर चित्रे नाचू लागत. फाळके ती चित्रे पुन्हा पुन्हा पाहत. यंत्र हळू फिरवून पाहत. फिल्म उजेडासमोर धरून एकेक चित्र न्याहाळत. दिवसा शहरात जेथे जेथे सिनेमा लागलेला असे तेथे ते जात आणि एकही खेळ चुकवीत नसत. परदेशातून पुस्तके आणि यंत्रांच्या किमतीच्या याद्या मागवून ते वाचत बसत.

हळूहळू त्यांना गुपित उमगले. फिल्मवरचे कोणतेही चित्र हलत नाही! प्रत्येक चित्र स्थिर असते. एका चित्रात माणसाचा हात खाली असतो. पुढच्या चित्रात तो किंचित वर असतो. त्याच्या पुढच्या चित्रात आणखी थोडा वर. अशी सुमारे 16 चित्रे एका सेकंदात डोळ्यांसमोरून गेली की आपल्याला हात उचलल्यासारखा दिसतो.

या ध्यासाची किंमत मोठी होती. घरात मिळकत नव्हती. फाळके दिवसातून चार-पाच तास चित्रपट पाहत आणि रात्री झोपत नसत. त्यांच्या डोळ्यांवर इतका ताण पडला की त्यांना दिसेनासे झाले. विचार करा, ज्यांचे सारे काम डोळ्यांचे, त्यांचेच डोळे गेले! डॉ. प्रभाकर यांनी उपचार केले. निरनिराळे चष्मे दिले. पुष्कळ दिवसांनी फाळक्यांना पुन्हा दिसू लागले. आता तरी हे वेड सुटेल असे लोकांना वाटले असेल. फाळक्यांच्या डोक्यावर परिणाम झाला आहे, असेही काही ओळखीचे लोक समजू लागले होते. पण डोळे बरे होताच फाळके पुन्हा कामाला लागले. सरस्वतीबाई त्यांच्या पाठीशी होत्या.

चित्रपट बनवण्याचे यंत्र इंग्लंडात मिळत होते. त्यासाठी पैसे हवे होते. फाळक्यांनी आपली विम्याची कागदपत्रे गहाण ठेवून कर्ज काढले. 1912 च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तेथे त्यांची कोणाशीही ओळख नव्हती. बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाची पाटी पाहून ते सरळ आत गेले आणि संपादकांना भेटले. संपादकांनी त्यांना आधी धोक्याची सूचना दिली आणि मग मदत केली. त्यांच्या ओळखीने फाळक्यांना सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ आतून पाहायला मिळाला. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र यांची खरेदी ठरवून 1 एप्रिल 1912 रोजी ते मुंबईला परतले.

परत आल्यावर त्यांनी कोणती गोष्ट केली असेल? त्यांनी कुंडीत वाटाणे पेरले! कुंडीसमोर कॅमेरा ठेवला. महिनाभराहून अधिक दिवस ते रोपाची चित्रे घेत राहिले. मग ती फिल्म त्यांनी लोकांना दाखवली. जमिनीतून अंकुर वर आला, त्याला पाने फुटली आणि पाहता पाहता त्याचा वेल झाला. महिन्याचे काम मिनिटभरात झाले. या लघुपटाचे नाव अंकुराची वाढ. ही जादू नव्हती. मंत्रही नव्हता. वाढणारे रोप, कॅमेरा आणि माणसाचा धीर, एवढेच तिथे होते. हा लघुपट पाहून मित्रांचा विश्वास बसला आणि मोठ्या चित्रपटासाठी कर्ज मिळण्याची वाट मोकळी झाली. सरस्वतीबाईंनी आपले दागिनेही दिले.

आता दादरच्या घरातच कारखाना सुरू झाला. चित्रपट होता राजा हरिश्चंद्र. तेव्हा चित्रपटात काम करायला स्त्रिया तयार नव्हत्या. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके राणी तारामती झाले. राजपुत्राचे काम फाळक्यांचा मुलगा भालचंद्र याने केले. सरस्वतीबाईंचे काम पडद्यावर दिसत नाही, पण ते सर्वांत अवघड होते. दिवसभर त्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करीत. रात्री अंधाऱ्या खोलीत बसून त्या कोऱ्या फिल्मच्या दोन्ही कडांना छिद्रे पाडीत. या छिद्रांत कॅमेऱ्याचे दाते अडकतात आणि फिल्म पुढे सरकते. छिद्र जरा इकडेतिकडे झाले तर चित्र हलते. हे सारे हाताने, आणि तेही अंधारात! कोऱ्या फिल्मवर उजेड पडला तर ती वाया जाते.

सहा महिने सत्तावीस दिवसांत चित्रपट तयार झाला. त्याची लांबी 3,700 फूट होती. एका फुटात 16 चित्रे मावतात. आता तुम्ही गुणाकार करा. 59,200 चित्रे होतात! 3 मे 1913 रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमागृहात हा चित्रपट लोकांसमोर आला. ज्या गिरगावात फाळक्यांना हा ध्यास लागला, त्याच गिरगावात तो पूर्ण झाला. भारतीयांनी बनवलेला हा पहिला पूर्ण लांबीचा कथाचित्रपट मानतात. आता ते सिनेमागृह तेथे नाही.

त्याच वर्षी फाळके नाशिकला गेले. तेथे त्यांनी लंकादहन, कालियामर्दन असे चित्रपट काढले. कालियामर्दनमध्ये कृष्णाचे काम त्यांची लहान मुलगी मंदाकिनी हिने केले. मोठी कामे करतानाही त्यांच्यातला खेळणारा मुलगा जागा होता. त्यांनी आगकाड्यांची मौज नावाचा एक लघुपट केला. त्यात काड्यापेटीतील काड्या आपोआप हलत आणि त्यांची निरनिराळी चित्रे बनत. हे कसे केले असेल? काड्या मांडायच्या, एक चित्र घ्यायचे. काडी थोडी सरकवायची, पुन्हा एक चित्र घ्यायचे. सेकंदाला 16 चित्रे लागतात. म्हणजे एका मिनिटाच्या मौजेसाठी तब्बल 960 चित्रे! तुमचे खेळणे सांध्यांवर फिरून रूप बदलते. फाळक्यांच्या काड्या दोन चित्रांच्या मधल्या क्षणात रूप बदलत होत्या.

असाच एक माणूस फ्रान्समध्येही होता. त्याचे नाव जॉर्ज मेलिएस. तोही जादूगार होता. 1902 साली त्याने माणसे चंद्रावर जातात असा चित्रपट काढला. पडद्यावरील विज्ञानकथांची सुरुवात त्यापासून झाली असे मानतात. पण पुढे त्याचा धंदा बुडाला आणि पॅरिसच्या एका रेल्वे स्टेशनात तो खेळण्यांचे दुकान चालवू लागला. फाळक्यांनी खेळण्यापासून सुरुवात केली, तर मेलिएस शेवटी खेळण्यांकडे गेला.

फाळक्यांचेही शेवटचे दिवस सुखाचे नव्हते. 14 मार्च 1931 रोजी गिरगावातीलच मॅजेस्टिक सिनेमागृहात आलम आरा हा बोलपट लागला. त्यातील पात्रे बोलत होती, गात होती. त्यांची भाषा तुम्ही घरी बोलता त्या उर्दूच्या अगदी जवळची होती. लोकांना आता मूकपट नकोसे झाले. फाळक्यांनी सेतुबंधन हा चित्रपट मूकपट म्हणून केला होता. त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. 1937 साली, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, त्यांनी गंगावतरण हा एकच बोलपट केला. त्यानंतर ते नाशिकला राहिले. सुमारे 95 चित्रपट करूनही त्यांच्या हाती फारसे धन उरले नव्हते. 16 फेब्रुवारी 1944 रोजी त्यांचे निधन झाले.

1969 सालापासून भारत सरकार चित्रपटक्षेत्रातील मोठ्या कार्यासाठी दादासाहेब फाळके पुरस्कार देते. दादर पूर्वेला त्यांच्या नावाचा रस्ता आहे. तुम्ही कधी त्या रस्त्याने गेलात तर क्षणभर थांबा. जवळच एका घरात एक बाई अंधारात बसून फिल्मला छिद्रे पाडीत होती, आणि तिचा नवरा कुंडीतल्या वाटाण्याकडे टक लावून बसला होता, हे आठवा.

आणि घरी गेल्यावर आपले खेळणे पुन्हा हातात घ्या. ते आणखी एकदा उलगडा. या वेळी घाई करू नका. कोणता भाग आधी वळतो, कोणता मागाहून, ते नीट पाहा. वहीत त्याचे चित्र काढा. कोणी हसले तर हसू द्या. फक्त एक गोष्ट विसरू नका. फाळक्यांनी डोळ्यांची हेळसांड केली आणि ती त्यांना भोवली. तुम्ही रात्री वेळेवर झोपा. खेळणे सकाळीही तेथेच असेल.