भोपाळच्या सिकंदर बेगम

वाणिज्य शाखेत आम्हांला कर्मचारी-व्यवस्थापन शिकवतात. भरती, पगार, बढती, शिस्त. उदाहरणे बहुधा कारखान्यांची असतात. पण न्यायसुद्धा माणसांनीच चालवायचा असतो, हे मला घरातून कळले. माझे वडील पोलीस शिपाई. मी शाळेत असताना एकदा त्यांचा पगार तीन महिने रखडला. वाण्याची उधारी वाढत गेली. अशा दिवसांत हात पसरायचा मोह किती जवळ येतो, हे त्यांनीच पुढे मला सांगितले.

गेल्या दिवाळीत मामांकडे भोपाळला गेलो. तेथील मोती मशीद कोणी बांधली, असे मी विचारले आणि सिकंदर बेगमांचे नाव प्रथम ऐकले. परत आल्यावर ग्रंथालयात त्यांचे चरित्र शोधून वाचले.

त्यांचा जन्म 1817 चा. त्यांचे आजोबा वझीर महंमद खान यांनी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा वेढा सोसून भोपाळ राखले होते. वडील नझर महंमद 1819 साली पिस्तुलाची गोळी लागून वारले आणि आई कुदसिया बेगम राज्य पाहू लागल्या. 1835 साली सिकंदरांचे लग्न चुलतभाऊ जहांगीर महंमद यांच्याशी झाले. संसार सुखाचा नव्हता. गरोदर असताना पतीने तलवारीचा वार केला, तेव्हा त्या आईबरोबर इस्लामनगरला जाऊन राहिल्या. 1844 मध्ये पती वारले. 1847 पासून अल्पवयीन मुलगी शाहजहान हिच्या नावाने कारभार त्यांच्या एकटीच्या हाती आला.

खजिन्यावर सुमारे तीस लाखांचे कर्ज होते. महसूल मक्त्याने दिला जाई. मक्तेदार ठरलेली रक्कम सरकारात भरणार आणि रयतेकडून जमेल तितके काढणार. अशा गावात मक्तेदाराच्या माणसाविरुद्ध दाद कोणाकडे मागायची? बेगमांनी मक्ता बंद करून गावच्या मुखियांशी सरळ व्यवहार सुरू केला. राज्याचे तीन जिल्हे आणि एकवीस पोटविभाग पाडून प्रत्येकावर जबाबदार अधिकारी नेमला. पोलिसांची फेररचना केली, अपिलाचे न्यायालय स्थापले. स्वतः राज्यभर फिरून कामकाज पाहिले. दरबारात फारसीऐवजी उर्दू आणली. घरात कन्नड आणि शाळेत मराठी बोललेल्या मला या गोष्टीचे मोल चटकन कळले. फिर्यादीला भाषाच समजली नाही, तर त्याला न्याय कसा समजणार? कर्जही काही वर्षांत फिटले.

मग 1857 साल उजाडले. सीहोरच्या छावणीतील भोपाळ कंटिंजंट बंडात उतरली. बेगम इंग्रजांच्या बाजूस राहिल्या. डिसेंबरात खुद्द त्यांच्या शिपायांनी महालाला वेढा दिला. बोलणी झाली, पगारवाढ जाहीर झाली आणि वेढा उठला. जानेवारी 1858 मध्ये मात्र सर ह्यू रोज यांच्या फौजेने सीहोरला अनेक बंडवाल्या शिपायांना गोळ्या घातल्या. इंग्रजांनी बेगमांना बैरसिया परगणा दिला आणि 1860 साली स्वतंत्र राज्यकर्त्या म्हणून मान्यता दिली. 1868 साली त्या वारल्या.

त्यांचा इंग्रजांकडचा कौल मला आजही खुपतो. त्यांनी शिस्तीत बसविलेली यंत्रणा त्या वेळी परक्या सत्तेच्या कामी आली, हे झाकून चालणार नाही. पण महालाभोवतीचा तो वेढा मी विसरू शकत नाही. त्या शिपायांच्या रागात देशाचा भाग किती आणि पोटाचा किती, हे ठरवणे अवघड आहे. एवढे मात्र खरे, की पगाराचा शब्द मिळताच ते मागे फिरले.

न्यायाची इमारत कितीही उंच असो, तिच्या दाराशी एक शिपाई उभा असतो. फिर्यादी प्रथम त्यालाच भेटतो. त्याच्या घरी चूल पेटली आहे की नाही, हे पाहणे हेही न्यायाचेच काम आहे. उद्या आपल्यापैकी कोणी सरकारी कचेरीत पगारपत्रके करायला बसेल. त्याने एवढे ध्यानात ठेवावे.