डेल्को

मामांची जुनी पेट्रोल गाडी तुळजापूरच्या घाटात बंद पडे आणि दहा मिनिटे विश्रांती मिळाली की शहाण्यासारखी चालू होई. एका कारागिराने पेट्रोलचा दोष ठरवून कार्बुरेटर दोनदा धुतला. खोड काही जाईना. शेवटी धाराशिवचे एक वयस्क मेकॅनिक म्हणाले की, गाडी बंद पडेल तेव्हाच डेल्को उघडू. चालत्या गाडीत दोष सापडायचा नाही. डेल्को म्हणजे प्रत्येक प्लगला आळीपाळीने वीज वाटणारा, काळ्या टोपीचा डबा. पुस्तकात त्याला डिस्ट्रिब्यूटर म्हणतात. मग हा शब्द आला कुठून? तो शोधता शोधता मी चार्ल्स केटरिंग यांच्यापर्यंत पोहोचलो.

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, लाउडनव्हिल गावाजवळच्या शेतावर झाला. दृष्टी अधू होती. काही काळ त्यांनी शाळेत मास्तरकी केली, मग कॉलेज गाठले. पण डोळ्यांनी दगा दिला आणि शिक्षण सुटले. तेव्हा ते टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीत राबले. पुन्हा कॉलेजात गेले व १९०४ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, पदवीधर झाले. चरित्राच्या ह्या पानावर मी बराच वेळ थांबलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. एक वर्ष वाया गेले, तर पुण्याला कंपनीत जा, असे सांगणारे दहाजण भेटतात.

पुढे डेटन शहरात गल्ल्याची यंत्रे बनविणाऱ्या कारखान्यात त्यांना नोकरी लागली. दिवसा नोकरी, आणि रात्री एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याच्या घरामागील कोठारात मित्रांसह मोटारीच्या ठिणगीवर प्रयोग! त्या वेळच्या बॅटरीवरील पद्धतीत कॉईल एका स्फोटासाठी ठिणग्यांची सरबत्ती करी आणि बॅटरी लवकर उतरे. केटरिंग यांनी नेमक्या क्षणी एकच जोरदार ठिणगी पडेल अशी रचना केली. कॅडिलॅक कंपनीने ती स्वीकारली. १९०९ साली ‘डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी’ निघाली. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांचा शब्द झाला डेल्को! १९११ मध्ये त्यांनी विजेचा स्टार्टर सिद्ध केला आणि हँडल उलटे फिरून हात मोडण्याचे दिवस सरले.

पुढे फियाट असो वा अ‍ॅम्बेसेडर, पॉईंट-कॉईलची पद्धत सर्वत्र रूढ झाली. पॉईंट मिटले की कॉईलमधून बारा व्होल्टचा प्रवाह वाहतो. ते उघडताच प्रवाह तुटतो आणि कॉईलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट उसळतात. प्रवाह तुटताना पॉईंटवर आग होऊ नये म्हणून शेजारी बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर असतो. तो तापल्यावर दगा देऊ लागला की ठिणगी मरते. निवला की पुन्हा शहाणा!

केटरिंग यांच्यावर मात्र उलटा प्रसंग आला. चढावर इंजिने ठोके देऊ लागली आणि लोकांनी दोष त्यांच्या ठिणगीला दिला. त्यांनी कसून तपास केला, तेव्हा दोष पेट्रोलात निघाला. पुढे जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे ते प्रमुख झाले. तेथे त्यांचे सहकारी थॉमस मिजली यांना १९२१ मध्ये उपाय सापडला : पेट्रोलात शिशाचे संयुग मिसळणे. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात हे संयुग तयार करताना पाच कामगार मृत्युमुखी पडले. विक्री काही काळ थांबली, तरी पुन्हा सुरू झाली आणि ती करणाऱ्या कंपनीचे पहिले अध्यक्ष केटरिंगच होते. शिसे विषारी असते हे तेव्हाही ठाऊक होते. इतक्या चिकित्सक माणसाने येथे स्वतःची चिकित्सा का थांबवली, हे मला समजत नाही. त्याबद्दल त्यांना माफ करावेसेही वाटत नाही. १९४५ मध्ये त्यांनी आल्फ्रेड स्लोन यांच्याबरोबर कर्करोग संशोधनाची संस्था उभी केली, हेही त्याच माणसाचे काम. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी त्यांचे निधन झाले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले.

त्या दिवशी घाटात गाडी बंद पडताच मेकॅनिककाकांनी टोपीतून कॉईलची तार काढली, पक्कडीने इंजिनाच्या लोखंडाजवळ धरली आणि मामांना स्टार्टर मारायला सांगितले. ठिणगी पिवळट, मरतुकडी पडली. पॉईंट काळे पडले होते. त्यांनी पॉईंट घासले, नवा कंडेन्सर बसवला. पुन्हा तार धरली, तर निळी ठिणगी कडाडली! मी शेजारी बॅटरी धरून उभा होतो. जुना कंडेन्सर मी मागून घेतला.