कुंपणावरचा माणूस?

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मीच पहिला. वडील हुपरीत चांदीचे पैंजण घडवतात. म्हणूनच यशवंतराव चव्हाण मला जवळचे वाटतात. १९१३ साली देवराष्ट्रे येथे जन्म, लहानपणीच पितृछत्र हरपलेले, आई विठाईंच्या कष्टांवर शिक्षण आणि बी. ए. आपल्या कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून.

१९६० मध्ये ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले, १९६२ मध्ये देशाचे संरक्षणमंत्री. १९६९ साली काँग्रेस फुटली. राष्ट्रपतिपदासाठी त्यांनी आधी संजीव रेड्डींना कौल दिला होता. फुटीनंतर मात्र ते इंदिरा गांधींबरोबर राहिले. १९७५ मध्ये आणीबाणी आली, तेव्हा परराष्ट्रमंत्रिपद त्यांनी सोडले नाही. १९७८ मध्ये ते इंदिराजींपासून वेगळे झाले, १९७९ मध्ये चरणसिंगांचे उपपंतप्रधान बनले. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातून त्यांच्या पक्षाचे ते एकटेच निवडून आले. १९८१ मध्ये त्यांनी पुन्हा इंदिरा काँग्रेसचे दार ठोठावले. तिथे त्यांना तिष्ठत राहावे लागले. कुंपणावरचा माणूस म्हणून लोकांनी त्यांना हिणवले. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी ते गेले.

त्यांचे परतणे मला फारसे खटकत नाही. पक्ष हेच ज्याचे घर, तो घराबाहेर किती दिवस राहणार? खटकते ते १९७५ मधले मौन.

पण परवा गल्लीतल्या मंडळाच्या वर्गणीचा हिशेब जुळला नाही. अध्यक्ष माझा जिवलग मित्र. बैठकीत मी मान खाली घालून बसलो. तेव्हापासून यशवंतरावांना नावे ठेवताना जीभ अडखळते.