लुईस फ्राय रिचर्डसन
इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें १८८१ सालीं क्वेकर कुटुंबांत रिचर्डसन ह्यांचा जन्म झाला. तापलेली हवा वर चढते, थंड खालीं उतरते. वातावरणाची ही घडामोड आंकडेमोडीनें आगाऊ सांगतां येईल, अशी त्यांची श्रद्धा होती. पहिल्या महायुद्धांत शस्त्र न धरितां ते फ्रान्समध्यें जखमी सैनिकांची मोटार हांकीत व विसाव्याच्या वेळीं हें गणित करीत. सहा तासांत वायुभार १४५ मिलिबार वाढेल, असें उत्तर आलें. प्रत्यक्षांत तो जवळजवळ स्थिर होता. हें अपयश त्यांनीं १९२२ सालच्या ग्रंथांत न लपवितां छापिलें. १९५० सालीं अमेरिकेंत गणकयंत्रानें त्यांचा मार्ग खरा ठरविला. १९५३ सालीं ते निवर्तले. अशी सत्यनिष्ठा विद्यार्थिमित्रांच्या अंगीं बाणो, हीच आमची प्रार्थना.