राजर्षींचे कायदे आणि आपला उंबरठा

भगिनींनो, वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी करवीरच्या एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा राजर्षी शाहू छत्रपतींखेरीज दुसरे नाव माझ्या मनात आले नाही. त्यांची वसतिगृहे, राधानगरीचे धरण, खासबागेचे कुस्ती-मैदान यांविषयी आपण पुष्कळ ऐकतो. गुन्हा, शिक्षा आणि संरक्षण यांविषयीचे त्यांचे कायदे मात्र मागे पडतात. त्यांविषयीच चार शब्द लिहिते.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ चा, कागलकर घाटगे घराण्यातला. १८८४ साली ते करवीरच्या गादीवर दत्तक आले व २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. संस्थानात त्या काळी आजच्यासारखी विधानसभा नव्हती. महाराजांचा हुकूम गॅझेटात छापून आला की तोच कायदा होई. एवढी सत्ता हाती असलेला माणूस ती कोणासाठी वापरतो, यावरूनच त्याची पारख होते.

त्या काळी महार, मांग, रामोशी, बेरड अशा जातींच्या माणसांना गावात रोज हजेरी द्यावी लागे. हातून गुन्हा घडलेला असो वा नसो, जन्मापासूनच संशय पाठीशी लागलेला. परगावी कामाला वा सोयऱ्यांकडे जाणेही त्यामुळे कठीण. ब्रिटिश मुलखात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने असाच शिक्का अनेक जमातींवर मारला होता. महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानातील ही हजेरी बंद केली. फासेपारध्यांना तर त्यांनी सोनतळीच्या छावणीवर आणून पहाऱ्याचे काम दिले. ज्यांना लोक चोर म्हणत, त्यांच्याच भरवशावर राजा निर्धास्त राही! पोटाला काम आणि माणसाला मान मिळाला की वाकडी वाट सुटते, हे त्यांनी जाणले होते. जमातींचा तो ब्रिटिश कायदा रद्द होण्यास पुढे १९५२ साल उजाडावे लागले.

गोरगरिबांच्या पाठीवरचा संशय असा दूर करणाऱ्या महाराजांनी, जिथे कोणाचीच नजर जात नव्हती तिथे कायदा नेला. तो म्हणजे घराच्या उंबरठ्याआड. विधवाविवाहास मान्यता देणारा कायदा त्यांनी १९१७ साली केला. १९१९ साली स्त्रियांना क्रूरपणे वागविण्यास बंदी करणारा कायदा आला. सुनेला मारणे, उपाशी ठेवणे हा घरचा मामला, त्यात परक्याने पडू नये, असे सारे जग मानीत असता करवीरच्या राजाने तो गुन्हा ठरविला. १९२० साली जोगतिणी-मुरळ्यांच्या प्रथेविरुद्धही त्यांनी कायदा केला. साऱ्या देशासाठी पतीकडून व सासरकडून होणाऱ्या छळाचे कलम दंडसंहितेत आले १९८३ साली, म्हणजे ६४ वर्षांनी. आणि कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा झाला २००५ साली.

६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले. वय अवघे ४७ वर्षांचे.

आज कायद्यांची वाण नाही. परंतु शेजारच्या घरातून रात्री रडण्याचा आवाज आला की आपण खिडकी लावून घेतो, हे मी आपल्याच गल्लीत पाहिले आहे. पोलीस ठाण्याची पायरी एकटीने चढण्याचे धैर्य फार थोड्या जणींना होते. २००५ च्या कायद्याने संरक्षण अधिकारी नेमलेले आहेत, हेही पुष्कळींना ठाऊक नसते. अशा बाईसोबत मंडळाच्या दोघीजणी गेल्या, तर तिच्या बोलण्याला बळ येईल. हळदीकुंकू, भिशी, सहली चालू राहोतच. त्यांच्या जोडीला येत्या वर्षी एवढे काम आपण अंगावर घ्यावे, अशी माझी सर्व भगिनींना नम्र विनंती आहे. महाराजांच्या नगरीत राहण्याचा आपणांस अभिमान वाटतो, तर त्यांनी १९१९ साली उघडलेले ते दार आपण लावून घेऊ नये.