सुब्बाराव : औषधाच्या नावामागचा माणूस

गेल्या वर्षी माझ्या मामांचा लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, बरा होऊन पुन्हा उलटला. रुग्णालयाच्या कागदावर चार-पाच औषधे एका ओळीत लिहिलेली होती. मी कला शाखेचा विद्यार्थी, मला त्यातले काय कळणार? पण 'मेथोट्रेक्झेट' या एका नावाचा माग काढता काढता मी थेट आंध्रातल्या भीमावरमला पोहोचलो!

डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव १८९५ साली तेथे जन्मले. मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात खादी वापरल्यामुळे इंग्रज प्राध्यापकाची मर्जी गेली आणि एम.बी.बी.एस.ऐवजी कमी प्रतीची एल.एम.एस. पदवी पदरात पडली. स्प्रू नावाच्या पोटाच्या विकाराने भाऊ दगावला. स्वतः सुब्बाराव जेमतेम वाचले. १९२३ मध्ये पत्नीला मागे ठेवून ते बोस्टनला गेले, ते पुन्हा मायदेशी आलेच नाहीत. हार्वर्डमध्ये फिस्क यांच्याबरोबर त्यांनी रक्तातील फॉस्फरस मोजण्याची पद्धत शोधली. कायमची जागा मात्र मिळाली नाही. १९४० मध्ये ते लेडरले कंपनीत गेले.

तेथे त्यांच्या चमूने फॉलिक आम्ल तयार केले. ज्या स्प्रूने घरात मृत्यू आणला, त्यावरच ते गुणकारी ठरले! पेशींना वाढायला हे आम्ल लागते. मग त्याच्यासारखेच दिसणारे, पण त्याचे काम अडवणारे द्रव्य दिले तर? असे अमिनोप्टेरिन डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी सोळा मुलांना दिले. दहा मुलांत सुधारणा दिसली. हे १९४८ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच ऑगस्टमध्ये सुब्बाराव निवर्तले.

ती सुधारणा टिकली नाही, रोग परतला. एकटे औषध अपुरे पडते, हा धडा त्यातून मिळाला. १९६० नंतर अमेरिकेतील डॉक्टरांनी वेगवेगळ्या रीतीने पेशी मारणारी औषधे एकत्र देऊन पाहिली. एका औषधातून निसटलेली पेशी दुसऱ्याने गाठावी, हा हेतू. मेथोट्रेक्झेट हे अमिनोप्टेरिनचेच भावंड. ते या मिश्रणांत होते. १९८० च्या दशकात ह्यूस्टनमध्ये उलटलेल्या लिम्फोमावर तपासलेल्या चार औषधांच्या जोडणीतही ते होते.

मामा आज तिसरी फेरी घेत आहेत. पुढचे कोणी सांगावे? पण सलाईनची बाटली टांगली जाते, तेव्हा मला खादीतला तो विद्यार्थी आठवतो. मित्रहो, कमी प्रतीच्या पदवीने माणसाची प्रत ठरत नाही, एवढे मी त्याच्याकडून शिकलो.